‘हर्निया आहे म्हणून सांगा’

आमच्या पेठेतील एका ग्रंथालयाच्या सभागृहात गेल्या महिन्यात एका विद्वान गृहस्थांचे ‘आरोग्य आणि स्वावलंबन’ या विषयावर व्याख्यान झाले. गृहस्थांचे नाव मी सांगत नाही. कारण एक तर त्यांना प्रसिद्धीची हौस आहे आणि ती माझ्या हातून भागावी अशी माझी इच्छा नाही, आणि दुसरे असे की, त्यांच्या मतावर सदाशिव, नारायण व शनिवार या तिन्ही पेठांची सामाईक मालकी आहे. बोलण्याच्या ओघात ते वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेवर आले आणि तेथून ती करून घेणाऱ्यांच्या भित्रेपणावर घसरले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : लठ्ठपणा हा जिभेचा गुन्हा आहे, त्यासाठी पोट कापून घेणे ही पळवाट आहे, पळवाटेने जाणाऱ्यास जी भीती वाटते ती त्याच्या अंतरात्म्याने त्याच्याविरुद्ध दिलेली साक्ष होय, आणि अशा भ्यालेल्यांनी एकत्र जमून एकमेकांस धीर देणे म्हणजे रडतराउतांची पलटण उभारणे. ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे त्याने तो एकट्याने घ्यावा आणि मुकाट्याने सोसावा.

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझा भाचा बसला होता. वय छत्तीस, वजन १३१ किलो, बीएमआय ४४ च्या घरात, मधुमेहाला सहा वर्षे झालेली, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री नाकावर यंत्राचा मुखवटा. आणि नेमक्या याच शस्त्रक्रियेची तारीख अकरा दिवसांवर आलेली. विषयाच्या नावाला भुलून मीच त्याला आग्रहाने तेथे नेले होते. टाळ्या त्यानेही वाजविल्या. त्या टाळ्यांनी हा लेख लिहिणे भाग पाडले. एरवी या गृहस्थांशी माझे वाद जुने आहेत. इन्सुलिन टोचून घेणे म्हणजे शरणागती, असे ते एकेकाळी म्हणत. हेल्मेटच्या प्रकरणात, डोके आमचे आहे, ते आम्ही वाटेल तेथे आपटू, असा त्यांचा बाणा होता. १८९० सालच्या चहाच्या एका पेल्यावरून ज्या गावात ग्रामण्य झाले त्या गावचे ते अस्सल वतनदार आहेत, आणि प्रायश्चित्त नेहमी दुसऱ्याने घ्यावयाचे ही वतनाची मूळ अट त्यांनी आजवर कधी मोडलेली नाही.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढतो. जिभेच्या गुन्ह्याविषयी म्हणाल, तर या गुन्ह्याचा तपास याच पुण्यात झालेला आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालविला, त्यात असे आढळले की, वजनाने इंग्रज बाळापेक्षा पुष्कळ उणे भरणारे आपले बाळ मेदाच्या बाबतीत मात्र फारसे उणे नसते. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे व एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले, बीएमआय दोघांचाही २२.३, परंतु अंगातील चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि पुणेकराची २१.२ टक्के. बारशापूर्वीच ज्याच्यावर फिर्याद दाखल झाली त्या बाळाने कोणत्या दुकानाची बाकरवडी खाल्ली होती, एवढे गृहस्थांनी कृपा करून सांगावे. पळवाटेविषयी एवढेच सांगतो की, स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेल्यांची तेवढ्याच न झालेल्यांशी तुलना करण्यात आली. न झालेल्यांचे सरासरी वजन पंधरा वर्षांपर्यंत दोन टक्क्यांच्या आतबाहेर घुटमळत राहिले, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी झाले. सरळ वाट म्हणून जी दाखविली जाते ती तळजाईला एक फेरी घालून जेथल्या तेथे परत येते, हा त्याचा सरळ अर्थ.

अंतरात्म्याच्या साक्षीकडे आता वळू, कारण येथे गृहस्थांनी चरकाचा दाखला दिला आणि तो अर्धा दिला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाची गणना आहे हे खरे. पण त्याच अध्यायात स्थौल्याच्या कारणांमध्ये बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा, सांगितलेला आहे, आणि अचिंतन, म्हणजे कसलीच काळजी न करणे, हेही सांगितलेले आहे. उलट उपचारांत जागरण आणि चिंता यांचा समावेश आहे. तेव्हा शस्त्रक्रियेच्या विचाराने रात्र रात्र जागणारा माझा भाचा चरकाच्या मते पथ्यातच आहे! विनोद सोडला तरी ज्या भीतीला खरा विषय आहे तिला भित्रेपणा म्हणत नाहीत. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची नळी करावयाची, तर त्या शिवणीतून गळती होऊ शकते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. जीवनसत्त्वे जन्मभर घ्यावी लागतात, आणि शाकाहारी घरात बी-१२ ची वाण आधीच असते. अमेरिकेत २००९ साली पावणेपाच हजारांहून थोड्या अधिक रुग्णांचा जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या तीस दिवसांत दगावण्याचे प्रमाण हजारी तीन होते. हजारात तीन ही संख्या व्याख्यात्याला अल्प वाटते, शल्यविशारदाला समाधानकारक वाटते, आणि ज्याची मुलगी पाच वर्षांची आहे त्याला ती रात्री अडीच वाजता मोजावीशी वाटते. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

माझे खरे भांडण आहे ते ‘एकट्याने आणि मुकाट्याने’ या दोन शब्दांशी. गृहस्थांना वाटते की, हे शब्द म्हणजे शौर्याची सनद. मला पुण्यातल्या पंचवीस घरांचा अनुभव असा की, ते भीतीचे खत आहे. आमच्या गावात या शस्त्रक्रियेला एक टोपणनाव आहे, आणि ते ‘हर्निया’. कचेरीत रजेचा अर्ज हर्नियाचा, सोसायटीच्या चेअरमनला सांगितलेला हर्निया, सासुरवाडीला कळविलेला हर्निया; एखाद्या घरी कल्पकता अधिक असली तर पित्ताशयातील खडे. माझ्या बहिणीनेही पहिल्या दिवशी मला दाराआड घेऊन सांगितले, “दादा, कोणी विचारलं तर हर्निया आहे म्हणून सांगा.” मी सांगितले, आणि सांगताना मला त्यात काही गैर वाटले नाही, हे येथे कबूल करतो. पण या खोट्याची वसुली कोणाकडून होते ते पाहा. ज्याला हर्निया झाला आहे त्याने शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे यकृत आक्रसावे म्हणून पातळ आहारावर का राहावे, याचा खुलासा त्याला करता येत नाही. म्हणून शेजारच्या मुंजीत तो जिलबीचे ताट पुढे घेऊन बसतो आणि घरी येऊन स्वतःला अपराधी समजतो. हर्नियाच्या रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे का पाठविले, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून तो त्या भेटीला जातो आणि तेथेही ‘सगळे ठीक आहे’ एवढीच जबानी देऊन परततो. हर्नियाच्या माणसाला कोणी विचारीत नाही की, बाबा रे, तुला कसली भीती वाटते. कारण हर्नियाची भीती वाटण्याचा पुण्यात प्रघात नाही. अशा रीतीने एक धडधाकट भीती, जी चारचौघांत मांडली असती तर तिच्यातील निम्मा मजकूर तेथल्या तेथे रद्द झाला असता, ती बंद कपाटात ठेवलेल्या लोणच्यासारखी मुरत राहते.

आणि हे खोटे बोलावे का लागते? ज्या व्याख्यानाला टाळ्या पडतात त्या व्याख्यानामुळे. आधी लाज वाटेल असे बोलावयाचे, मग लाजेने माणूस लपला की त्याला भित्रा म्हणावयाचे, आणि तो आपल्यासारख्या चौघांजवळ बोलला तर त्याला रडतराऊत म्हणावयाचे. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही जागा एकाच असामीने भरल्या म्हणजे इन्साफ झटपट होतो खरा. याच गृहस्थांच्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला तेव्हा बाहेरच्या बाकावर दोन मुलगे, एक जावई, थर्मासभर चहा आणि मी, एवढा सरंजाम होता, आणि आत जाताना त्यांनी माझा हात धरला होता. मी तो सोडविला नाही. वीस मिनिटांच्या कामाला चार माणसे चालतात आणि जन्मभराच्या पालटाला एकही नको, हे स्वावलंबन मला उमगत नाही. रोज सकाळी रक्तदाबाच्या दोन गोळ्या ते घेतात, त्यात त्यांच्या चारित्र्यास बाध येत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

“मामा, उठलोच नाही तर?” असे भाच्याने मला त्या व्याख्यानानंतर तिसऱ्या दिवशी, लक्ष्मी रस्त्यावर रिक्षाची वाट पाहत असता विचारले. मला उत्तर आले नाही. शल्यविशारदांनी टक्केवारी सांगितली होती, भूलतज्ज्ञांनी श्वासाच्या यंत्राविषयी बारकाईने विचारपूस करून तो मुखवटा बरोबर आणण्यास बजावले होते, आणि तीन चेंडूंच्या उपकरणाने फुप्फुसाचा व्यायाम सुरू होता. उत्तर दिले ते हडपसरच्या एका शिक्षिकाबाईंनी, ज्यांची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झालेली होती आणि ज्या महिन्यातून एकदा इतर रुग्णांबरोबर बसत. त्या म्हणाल्या, “मलाही हेच वाटलं होतं. उठल्यावर पहिल्यांदा वाटलं ते हे, की कशाला केलं! चौथ्या दिवशी ते गेलं.” पुढे त्यांनी त्याला पंगतीत बसण्याची रीत सांगितली : ताट वाढून घ्यावे, दोन घास सावकाश चावावेत, पाणी जेवणाबरोबर पिऊ नये, आणि शेजाऱ्याला बोलते ठेवावे, आग्रह करणारा वाढतो, मोजत नाही. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही, आणि पाच मिनिटांत भाच्याच्या खांद्यांचा ताठा उतरलेला मी पाहिला.

तर माझा पक्ष एवढाच, आणि तो फार मोठा नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची सोबत ही शस्त्रक्रियेचा भाग आहे; आणि हे मत म्हणजे आधुनिक लाड नव्हेत. सुश्रुताने अग्रोपहरणीय अध्यायात शस्त्रकर्माची सामग्री सांगताना शस्त्रे, क्षार, अग्नी यांच्याबरोबरच स्निग्ध, स्थिर व बलवान परिचारक मोजले आहेत, आणि व्रणितोपासनीय अध्यायात गोड बोलणाऱ्या मित्रांनी गोष्टी सांगून रुग्णाची वेदना हलकी करावी असे म्हटले आहे. ज्याने सोसले त्याने सोसणाऱ्याशी बोलावे, ही वहिवाट पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र चालवीत आले आहे. लठ्ठपणा व्यसन आहे असे मी म्हणत नाही. बाकावर शेजारी कोण बसले आहे याला महत्त्व आहे, एवढेच म्हणतो. दोष रुग्णांच्या अशा मंडळांतही आहेत. काही ठिकाणी केवळ सडपातळ झालेल्यांची मिरवणूक काढतात आणि ज्याला गळती झाली, ज्याचे केस गळाले किंवा ज्याचे वजन परत आले त्याला बोलावीत नाहीत. ती जाहिरात होय, आणि तिच्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय सगळी भीती बोलून जात नाही. ज्याची झोपच उडाली आहे किंवा ज्याचे मन फार खचले आहे त्याने तज्ज्ञाकडेच जावे, आणि तारीख पुढे ढकलावी लागली तर खुशाल ढकलावी.

विमा नियामकांनी २०१९ साली जे नियम केले त्यांत, बीएमआय ४० वा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ वा त्याहून अधिक असून हृदयविकार, गंभीर निद्राश्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा विकार जोडीस असल्यास, वैद्यकीय सल्ल्याने होणारी ही शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेल्या उपचारांच्या यादीतून बाहेर काढली. जी गोष्ट सरकारी भाषेत उपचार ठरली ती घरच्या भाषेत अजून हर्नियाच आहे.

वाचकांपैकी ज्यांची ही शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटले असेल त्यांना माझी विनंती आहे. आपल्या शल्यविशारदांना कळवून ठेवावे की, पुढच्या रुग्णाशी बोलण्यास आपली हरकत नाही. आणि त्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री साडेदहानंतर अनोळखी क्रमांकावरून फोन आला, तर तो उचलावा.