चाखणे आणि सोडणे

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात 'एपकॉट' नावाचे एक प्रचंड मनोरंजन-उद्यान आहे. 1 ऑक्टोबर 1982 रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तेथील तलावाच्या काठाने सुमारे दोन किलोमीटरचा फेरा मारला की मेक्सिको, नॉर्वे, चीन, इटली, जपान, मोरोक्को, फ्रान्स असे अकरा देश पाहून होतात. प्रत्येक देशाची एक नमुनेदार इमारत, तिच्यापुढे एक अंगण आणि त्या देशाचे खाद्यपदार्थ अशी सारी मांडणी आहे. 1996 पासून तेथे आंतरराष्ट्रीय खाद्यमहोत्सवही भरू लागला. लहान लहान वाट्यांतून, इवल्या पेल्यांतून जगाची चव घ्यावी आणि पुढच्या देशाकडे वळावे, हा या फेरीचा आनंद. तो खोटा आहे असे म्हणता येणार नाही. ज्याला आयुष्यात जपान पाहणे घडणार नाही, त्याच्या जिभेवर जपानचा एक घास पडला तर त्यात वाईट काय?

याच उद्यानात कोका-कोला कंपनीचे एक दालन आहे. देशोदेशी विकली जाणारी पेये तेथे फुकट चाखायला मिळत आली आहेत. त्यांपैकी 'बेव्हर्ली' हे इटालियन पेय फार प्रसिद्ध. पण ते त्याच्या कडूपणासाठी. अजाण पाहुण्याला ते आग्रहाने प्यायला द्यायचे आणि त्याचे वेडेवाकडे झालेले तोंड पाहून हसायचे, ही तेथे जाणाऱ्यांची जुनी गंमत. वास्तविक त्या पेयाचा काही अपराध नाही. इटलीत जेवणापूर्वी भूक चाळवण्यासाठी कडसर पेय घेण्याची रीत आहे. त्या कडूपणामागे संध्याकाळची वेळ असते, समोर बसलेली माणसे असतात, स्वयंपाकघरात शिजत असलेले जेवण असते. उद्यानात यांतले काहीच आलेले नाही. तेथे फक्त कडूपणा पोहोचला आणि म्हणून तो विनोद झाला.

पदार्थ त्याच्या जागेपासून तोडला की त्याचे असे होते. उद्यानापुरते हे चालून जाईल, कारण ते उद्यान आहे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु जिवंत शहरांकडेही त्याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. अर्ध्या दिवसात दहा चवी, अशी खाद्यफेरी आता जुन्या शहरांच्या गल्ल्यांतून विकली जाते. या फेऱ्यांत वाराणसीचे नाव वरचे आहे, आणि वाराणसीत मणिकर्णिका घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांचे.

या घाटाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अहिल्याबाई होळकरांनी येथे बांधकाम करविले. जवळच्या विश्वनाथ मंदिराची पुनर्उभारणीही त्यांचीच. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका, तेही काशीतलेच. घाटावर चिता रात्रंदिवस जळत असतात. वरच्या बाजूस लाकडांचे ढीग रचलेले असतात आणि त्यांच्यामागे अरुंद गल्ल्यांचे जाळे पसरलेले असते. त्यांतल्या एकीचे नावच कचौडी गली. पहाटे कढया तापतात. कचोरी, भाजी आणि जिलेबी द्रोणात पडू लागते. लस्सीच्या दुकानांपुढे बाकांवर देशोदेशीचे प्रवासी दाटीवाटीने बसलेले असतात. परदेशी पाहुण्यांच्या सोयीसाठी कोरियन व जपानी लिपीतल्या पाट्याही या परिसरात दिसतात. अकरा देशांच्या त्या तलावापेक्षा येथे देश कमी नसतात. मात्र येथे खाणारे परदेशी आणि पदार्थ गावचा.

आणि याच वाटेने प्रेते जातात. 'राम नाम सत्य है' असा घोष दुरून ऐकू येतो, बाकावरचा माणूस पाय आखडून घेतो, खांद्यावरची तिरडी हातभर अंतरावरून निघून जाते, आणि हातातल्या कुल्हडात लस्सी असते. पुष्कळांना हे दृश्य अनुचित वाटते. मृत्यूसमोर चवीने खाणे हा पाषाणहृदयीपणा आहे, असा आक्षेप घेतला जातो.

हा आक्षेप काशीला लागू पडत नाही. दुरून प्रेत घेऊन आलेली मंडळी दहन झाल्यावर गंगेत स्नान करतात आणि याच गल्ल्यांतून पोटात काही घालून परततात. उपाशी राहून शोक करावा, असा या वाटेचा आग्रह नाही. कुल्हडाचेही तसेच. तो एकदा वापरून फोडला जातो. चितेजवळ मडके फुटते आणि कर्ता मागे न पाहता निघतो, तेव्हाही माती मातीतच जाते. अन्न आणि अंत यांच्यामध्ये या शहराने कधी पडदा लावला नाही. तेव्हा बाकावरच्या परदेशी तरुणाने लस्सी खाली ठेवलीच पाहिजे असे नाही. त्याने पाय आखडून घेतले, वाट दिली, एवढा आदर पुरेसा आहे. तिरडी समोर आल्यावर त्याने कॅमेरा काढला, तर मात्र त्याने त्या गल्लीचे उद्यान केले. गेलेल्याचा मुलगा तिरडीमागून चाललेला असतो, आणि तो काही तिकीट काढलेल्यांच्या करमणुकीसाठी आलेला नसतो.

चवीविषयी काशीची स्वतःची एक शिकवण होती, ती या गर्दीत विसरली जाते. काशीयात्रेला गेलेला माणूस तेथे आपल्या आवडीचा एखादा पदार्थ सोडून येत असे. कोणी वांगे सोडी, कोणी एखादे आवडते फळ. पुढे आयुष्यभर तो जिन्नस त्याच्या पानात येत नसे. घरातल्या मुलांना त्याचे नवल वाटे आणि विचारले की 'काशीत सोडले' एवढेच उत्तर मिळे. या रूढीत काही वेळा लबाडीही शिरत असे. जे फारसे आवडत नाही तेच सोडून पुण्य पदरात पाडून घेणारेही होते. तरीही कल्पना विलक्षण आहे. खाद्यफेरीतला प्रवासी दहा चवी गोळा करून परततो. जुना यात्रेकरू एक चव ठेवून परतत असे. पहिल्याला तो आठवडा आठवत राहील. दुसऱ्याला मात्र बाजारात ते फळ दिसले, की प्रत्येक वेळी काशी आठवे.

13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धामाच्या नव्या मार्गाचे उद्घाटन झाले. मंदिर आणि गंगा यांच्यामधली तीनशेच्या आसपास घरे व दुकाने त्यासाठी घेण्यात आली आणि दाट वस्तीच्या जागी प्रशस्त फरसबंदी आली. तेथे प्रवाशांसाठी खानपानाची व्यवस्थाही आहे. वृद्ध यात्रेकरूला बसायला सावली, स्वच्छ पाणी आणि स्वच्छतागृह मिळणे ही चैन नव्हे; जुन्या गल्ल्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या गल्ल्यांतला चिखल आणि चेंगराचेंगरीही आठवावी. प्रश्न सोयींचा नाही. सारे पदार्थ एका छताखाली, एकाच मापाच्या पेल्यात, बाराही महिने मिळावेत, या अपेक्षेचा आहे. 2023 मध्ये बनारसी पानाला आणि तेथील लंगडा आंब्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पदार्थाचे नाव त्याच्या गावाशी कायद्याने बांधले गेले, हे चांगलेच झाले. परंतु ऋतू, गल्ली आणि हातोटी यांच्याशी असलेली गाठ कागदाने बांधता येत नाही.

मलइयोचे उदाहरण घ्यावे. आटवलेले दूध थंडीच्या रात्री उघड्या आभाळाखाली ठेवतात. त्याला दव लागते. पहाटे ते घुसळून वर येणारा फेस केशर-वेलचीसह कुल्हडात भरतात. ऊन चढले की तो फेस बसतो आणि विक्री संपते. हिवाळा सरला की तो पदार्थच नाहीसा होतो. शीतयंत्राने तो जूनमध्येही करता येईल, आणि मे महिन्यात आलेला प्रवासी तसा आग्रह धरीलही. गल्लीतल्या हलवायाने त्याला लस्सीचा कुल्हड द्यावा आणि मलइयोसाठी कार्तिक उलटल्यावर यायला सांगावे. तो पुन्हा येईल किंवा येणारही नाही. तोवर त्याने बाकावर बसून लस्सी प्यावी, आणि मागून घोष ऐकू आला की पाय जरा आत घ्यावेत.