आरोग्यचिंतन : दुखणारी टाच

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठापेठांच्या अभिमानाचा विषय आहे. पाटाकडील, दिलबहार असे संघ तालमींची नावे घेऊनच शाहू स्टेडियमवर उतरतात. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात येथीलच अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. असे उदाहरण समोर असले म्हणजे व्यापारी कुटुंबांतील मुलांच्या मनातही स्वप्ने रुजतात, आणि शाळा, शिकवणी व सराव अशी त्यांची धावपळ सुरू होते.

मग एके दिवशी दहा-बारा वर्षांचा मुलगा सरावाहून परततो तो टाच न टेकताच. सकाळी तो पुन्हा बरा दिसतो. आजी म्हणते, वाढीचे वय आहे, पाय दुखायचेच. वडिलांना तो सरावाचा कंटाळा वाटतो. दोघांचेही अनुमान चुकीचे असू शकते.

वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक नाजूक थर असतो. त्यास ग्रोथ प्लेट म्हणतात. लांब हाडांची लांबी याच थरातून वाढते. मुलींमध्ये साधारणतः चौदा-पंधराव्या आणि मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षापर्यंत बहुतेक ठिकाणी त्याचे हाडात रूपांतर होते. तोवर तो पक्क्या हाडाहून दुबळा असतो. उंची झपाट्याने वाढताना स्नायू ताणलेले राहतात. त्यात धावणे व उड्या यांचा भार रोज एकाच जागी पडला, की तेथे वेदना सुरू होतात. टाचेच्या या विकाराचे वर्णन अमेरिकेतील डॉ. सेव्हर यांनी १९१२ मध्ये केले, तर गुडघ्याखालील उंचवट्याच्या दुखण्याचे ऑसगुड आणि श्लॅटर यांनी १९०३ मध्ये.

या दोन्ही दुखण्यांत शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते आणि उंचीही खुंटत नाही. भार कमी करणे हाच मुख्य उपचार होय. वेदना ओसरेपर्यंत धावणे व उड्या थांबवाव्यात. पोहणे बहुधा चालते. बर्फाचा शेक, बुटात टाचेखाली मऊ गादी आणि तज्ज्ञाने शिकवलेले पोटरीचे व मांडीचे ताण-व्यायाम उपयोगी पडतात. त्यानंतर सराव हळूहळू वाढवावा. सामन्यापुरती वेदनाशामक गोळी देऊन मुलास मैदानात उतरवू नये. वेदना लपते, इजा वाढत राहते. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांच्या मनगटातील दुखणे विशेष गंभीर मानावे, कारण तेथे हाडाची वाढच बाधित होऊ शकते. लंगडणे, सूज, ताप किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.

अशी दुखणी बहुधा अतिसरावातून उद्भवतात. शाळेचा प्रशिक्षक दोन तास घेतो, क्लबचा दोन तास, रविवारी सामना. प्रत्येकास आपापलेच तास ठाऊक असतात. दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरातही या तासांची बेरीज कोणी करत नाही. क्रीडावैद्यकाचा संकेत सोपा आहे : आठवड्यातील सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत. बारा वर्षांच्या मुलास बारा तास पुरेत. आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती आणि वर्षात एकूण दोन-तीन महिने त्या खेळापासून सुटी असावी.

सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या घरांत सायंकाळच्या सरावाने मुलाचे जेवण बुडण्याचा संभव असतो. अशा वेळी सराव सकाळी ठेवणे श्रेयस्कर. दूध, नाचणी, तीळ व डाळी आहारात असाव्यात आणि उपवासाच्या दिवशी सरावास सुटी द्यावी.

प्रशिक्षक बदलतात, हंगामही संपतात. मुलाच्या सरावाची पूर्ण बेरीज केवळ घरच करू शकते. ती वही आईवडिलांनी आजच उघडावी, आणि मूल ‘दुखते’ म्हणाले तर त्याचीही नोंद तीत करावी.