लॉर्डसाहेब कुठे होते?

‘बॉयकॉट’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण ते एका माणसाचे आडनाव, हे पुष्कळांच्या गावी नसते. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांचा कारभारी. जमीन लॉर्डसाहेबांची, ते राहत दूर उत्तरेकडे, फर्मॅना परगण्यातल्या आपल्या वाड्यात. जमीन कुळांना खंडाने लावणे, खंड वसूल करणे, थकवणाऱ्याला हुसकावणे हे बॉयकॉटच्या माथी.

1880 साली लॉर्डसाहेबांनी खंडात 10 टक्के सूट देऊ केली. कुळांनी 25 मागितली. ती नाकारली गेली. सप्टेंबरात बेदखलीच्या नोटिसा निघाल्या आणि कारभाऱ्याचे गडी, मोलकरणी, लोहार, दुकानदार सगळे तुटले. पीक काढायला माणूस मिळेना. अखेर उत्तरेतून 50 स्वयंसेवक आले, त्यांच्या रक्षणाला फौज आली. पाचएकशे पौंडांच्या पिकापायी सुमारे 10 हजार पौंड खर्ची पडले! माझ्यातल्या बँकवाल्याला हा हिशेब अजून पचत नाही.

वसुलीची पत्रे मीही वर्षानुवर्षे पाठवली. सही माझी, निर्णय वरचा. कर्जदार भांडायला येई तो माझ्याच टेबलाशी. त्याला दिसणारा माणूस मीच होतो ना! बॉयकॉटला मी निर्दोष ठरवत नाही. कुळांना बारीकसारीक दंड करण्याबद्दल तो बदनामच होता. पण सूट ज्यांनी नाकारली, त्यांचे नाव कुठल्या शब्दकोशात गेले? डिसेंबरात कारभाऱ्याला आयर्लंड सोडावे लागले. लॉर्डसाहेबांची जमीन जागच्या जागी होती.