आधी खुर्ची, मग विमान

घरातल्या संगणकावर लढाऊ विमान उडवणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाकडे घरची मंडळी बहुधा एकाच नजरेने बघतात : एवढा घोडा झाला तरी गेम खेळतोय! ही नजर थोडी अन्यायाची आहे. ‘डीसीएस वर्ल्ड’ किंवा ‘फाल्कन बीएमएस’सारखा सिम्युलेटर म्हणजे बटणं दाबून स्फोट बघण्याचा खेळ नव्हे. विमान धावपट्टीपर्यंत नेण्याआधीच बॅटरी, इंजिन, इंधन, रेडिओ अशी क्रमाने कामं करावी लागतात. दिशादर्शक यंत्रणा जुळायला काही मिनिटं गप्प बसून वाट बघावी लागते. वळताना वेग किती घालवायचा, रडार कसं वाचायचं, हे शिकण्यात आठवडे जातात. १९९८ साली आलेल्या ‘फाल्कन ४.०’बरोबर एक जाडजूड पुस्तक मिळायचं. तो खेळ कंपनीने सोडून दिल्यानंतरही छंदिष्टांनी स्वतःच्या वेळात सुधारत आजवर जिवंत ठेवला आहे. मूळ खेळाची अधिकृत प्रत असली की त्यांची ‘बीएमएस’ आवृत्ती फुकट मिळते.

तेव्हा तबला शिकणाऱ्या किंवा गिर्यारोहणाला जाणाऱ्या माणसाला जो मान मिळतो, तो या छंदालाही मिळायला हरकत नाही. ‘व्यसन’ हा शब्दही इथे जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्याच्या वर खेळ जाणं, नुकसान दिसत असूनही ते चालू राहणं आणि हे साधारणपणे वर्षभर टिकणं, असं सगळं असेल तर तो आजार. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एफ-१६ उडवून वेळेवर जेवायला येणारा माणूस त्यात बसत नाही.

‘खेळणं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या कारखान्यात ऑर्गन बनवायचा. आपल्या बाजाच्या पेटीत असतो तसा हवेचा भाता ऑर्गनमध्येही असतो. त्याच भात्यांवर त्याने १९२९च्या सुमारास एक लाकडी विमान बसवलं; दांडा हलवला की ते डुलायचं, वळायचं. सुरुवातीची गिऱ्हाइकं होती जत्रा आणि करमणुकीची उद्यानं. मग १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचं काम आलं. ढगात आणि अंधारात केवळ उपकरणांकडे बघून उडण्याचा सराव नसल्याने काही आठवड्यांतच अनेक जण मेले. तेव्हा कुठे लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. म्हणजे आधी खेळणं होतं, शिक्षणाचं साधन ते नंतर झालं.

छंद चांगलाच आहे. पण त्याची मांडणी बहुतेक जण उलट्या टोकाने करतात. पहिला खर्च ग्राफिक्स कार्डवर, दुसरा डोक्यावर चढवायच्या व्हीआर हेडसेटवर, आणि हे सगळं वापरायला बसायचं कुठे, तर जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर. शरीराचा विचार शेवटी होतो. तोही मान धरल्यावर. महागडं सामान महिन्याभरात माळ्यावर जाण्याचं कारण अनेकदा हेच असतं. पैशांचा क्रम खुर्ची, दांडा, पेडल, मग पडदा आणि सर्वांत शेवटी हेडसेट असा असावा.

खुर्चीचं महत्त्व सांगायला वैद्यकाच्या इतिहासात एक चपखल उदाहरण आहे. ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ या सिम्युलेटरमध्ये १९४० सालचं इंग्लंडचं आकाश मिळतं; स्पिटफायर, हरिकेन, समोर जर्मन बॉम्बफेकी विमानं. त्याच वर्षी खाली लंडनमध्ये माणसं बॉम्बपासून बचाव म्हणून निवाऱ्यांत रात्र रात्र कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढत होती. शवविच्छेदन करणारे डॉ. कीथ सिम्पसन यांच्या लक्षात आलं, की निवाऱ्यात बसणाऱ्यांत फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून होणारे मृत्यू एकदम वाढले आहेत. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीच्या मागे रुतायची, शिरांतलं रक्त तुंबायचं, पायात गाठ तयार व्हायची आणि माणूस उठून चालू लागला की ती वर सरकायची. उपाय म्हणजे झोपायला बाकं. पुढे २००३ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी अशाच प्रकाराने मरणाच्या दारात पोचलेल्या ३२ वर्षांच्या एका तरुणाची नोंद केली. दिवसाचे बारा-बारा तास, कधी अठरा, तो संगणकासमोर बसलेला असे. दुसरं कारण सापडलं नाही.

दोन तासांच्या उड्डाणाने गाठ होत नाही, उगाच घाबरायला नको. पण खुर्चीची पुढची कड गोल आणि मऊ असावी, कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत तीन-चार बोटं मावावीत, तळपाय टेकलेले असावेत. तासाभराने उठून पाणी प्यावं. विमानातही इंधन भरायला उतरावं लागतंच. ज्यांना आधी पायात गाठ झाली आहे, ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे किंवा पायाला प्लास्टर आहे, त्यांनी तर लांब मोहिमा बाजूलाच ठेवाव्यात. आजारपणाच्या सुट्टीत हाच छंद सगळ्यात जास्त सुचतो, म्हणून मुद्दाम सांगायचं.

पायांशी पेडल लावले की आणखी एक गंमत होते. आपल्या गुळगुळीत फरशीवर पाय दाबला की पेडल पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे पळते. मग माणूस नकळत पोट आणि कंबर आवळून बसतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर दुखते. खुर्ची बिनचाकांची घ्यावी, नाहीतर पेडल आणि खुर्चीचा खांब जाड पट्ट्याने एकमेकांना बांधावेत. खर्च जवळजवळ शून्य.

दांड्याची जागा हा त्याहून मोठा प्रश्न. टेबलावर ठेवलेली जॉयस्टिक धरायला खांदा उचलावा लागतो आणि अर्ध्या तासात मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू आखडतो. दांडा कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली हवा, हात टेकलेला हवा. खऱ्या एफ-१६ मध्ये दांडा उजव्या बाजूला आहे, हाताला टेकण आहे आणि पाठ ३० अंश मागे कललेली असते. त्या विमानाचा पहिला दांडा तर हलायचाच नाही, फक्त हाताचा दाब ओळखायचा. वैमानिकांना ते विचित्र वाटलं म्हणून नंतर त्याला नावापुरती हालचाल दिली. स्पिटफायर, मिगसारख्या विमानांचा दांडा दोन मांड्यांमध्ये असतो. घरात दोन्ही जमतं. खुर्चीच्या कडेला पकड लावून घ्यायची, सुतार अर्ध्या दिवसात फळी करून देतो. स्वस्त जॉयस्टिकला मनगट पिळून शेपूट वळवायची सोय असते. सुरुवातीला ठीक आहे, पण अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं की ती बंद करून पेडलकडे वळावं.

चाळिशीनंतर चष्म्याचा घोळ असतोच. वाचनाचा चष्मा दीड वितीवर नेमका दिसेल असा असतो. पडदा हातभर लांब. मग माणूस हनुवटी वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून इंधनाचा आकडा शोधतो आणि दोष कंबरेच्या पट्ट्याला देतो. पडद्याच्या अंतराचा वेगळा नंबर काढून घ्यावा. हेडसेटमध्ये उलटं असतं. भिंग दोन इंचांवर असलं तरी डोळ्याला चित्र एक-दोन मीटर लांब असल्यासारखं भासतं, म्हणून वाचनाचा चष्मा तिथे सहसा लागत नाही. दूरचा मात्र लागतो.

आता मळमळ. एसटी घाटातून वळणं घेत असताना मोबाइलमध्ये डोकं घातलं की पोटात ढवळतं, कारण आंतरकर्ण सांगतो ‘वळतोय’ आणि डोळे सांगतात ‘स्थिर आहे’. हेडसेट लावून विमान उलटं केलं की भांडण तेच, बाजू बदललेल्या. डोळे सांगतात जग फिरतंय; कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधलं द्रव मात्र शांत. मेंदूला हा विसंवाद सहन होत नाही. विल्यम जेम्स यांनी १८८२ सालीच दाखवलं होतं, की जन्मतः कर्णबधिर असलेल्यांपैकी अनेकांना गरगर फिरवलं तरी चक्कर येत नाही. कानातली ती यंत्रणाच निकामी असेल तर तंटा होणार कुठून?

यात एक उलटी गोष्ट आहे. अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरचा १९५७ सालचा अहवाल सांगतो, की शिकाऊ मुलांपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना त्याचा त्रास जास्त झाला. त्यांचं शरीर खऱ्या उड्डाणात काय जाणवतं ते जाणून होतं आणि इथे ते येईना. म्हणजे हेडसेटमध्ये मळमळलं म्हणून कोणी कच्चा ठरत नाही. पण ‘सहन केलं की सवय होते’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. सवय होते ती थोडं थोडं करून : पहिले दिवस दहा-पंधरा मिनिटं, उंचावरून संथ उड्डाण, समोर पंखा. जांभया, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम ही पहिली खूण दिसली की हेडसेट काढायचा. दात-ओठ खाऊन पुढे रेटलं तर मेंदू उलटाच धडा शिकतो आणि काही जणांना मग हेडसेटच्या प्लॅस्टिकच्या वासानेही ढवळतं. मळमळीच्या गोळ्या घेऊन उडायचं तर अजिबात नाही. त्यातल्या बऱ्याच गोळ्या पेंग आणतात. आणि हेडसेट उतरवल्या उतरवल्या दुचाकीची किल्ली हातात घेऊ नये. कधी कधी तोल जागेवर यायला वेळ लागतो.

ज्यांना अर्धशिशी आहे, फिट येतात किंवा मानेचे मणके झिजलेले आहेत, त्यांनी साध्या पडद्यावरच थांबलेलं बरं. अर्धा किलोचा हेडसेट घालून शत्रू शेपटीवर आहे का हे मागे वळून बघणं हा मानेसाठी चांगलाच व्यायाम आहे, आणि तो चुकीचा आहे. डोक्याची हालचाल टिपणारा छोटा कॅमेरा आणि ‘ओपनट्रॅक’सारखी फुकट प्रणाली घेतली तर मान दहा-पंधरा अंश वळवली की पडद्यावर नव्वद अंश दिसतं.

झोपेचं काय, हे सहसा कोणी विचारत नाही. ऑनलाइन तुकड्या बऱ्याच युरोपातल्या. तिथे हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे साडेबारा झालेले असतात. तीनला उतरायचं, छाती अजून धडधडते आहे, सकाळी आठची लोकल. आठवड्यातून एकदा शनिवारी ठीक. रोज हे करणाऱ्याचा रक्तदाब आणि साखर लवकरच बोलू लागतात. ‘फाल्कन’मधली मोहीम एकट्याने, हवी तेव्हा थांबवून खेळता येते. नोकरदार माणसाला तीच जास्त मानवते.

घरच्या सिम्युलेटरमध्ये एक गोष्ट येऊच शकत नाही, ती म्हणजे वजन. नऊ ‘जी’च्या वळणात ७० किलोच्या वैमानिकाला ६३० किलोचं शरीर पेलावं लागतं, रक्त डोक्याकडे पोचेनासं होतं. त्यासाठी आपल्या हवाई दलाच्या बंगळुरूच्या वैद्यकीय संस्थेत वैमानिकांना अवाढव्य गरगरत्या यंत्रात बसवून सराव देतात. घरी पडदा काळा होतो, एवढंच. म्हणून श्वास कोंडून पोट आवळण्याचा वैमानिकांचा प्रकार घरी हौसेने करू नये, विशेषतः रक्तदाबवाल्यांनी. आणि पडद्यावरच्या विजयांवरून खऱ्या वैमानिकांच्या चुका काढण्याचीही घाई नको. समोरच्या ठिपक्यात माणूस बसलेला असतो, हेही पडदा जाणवू देत नाही.

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला निरोप घेऊन हवाई दलातून निवृत्त झालं. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ही विमानं बनली. तिथे उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. नातवाच्या संगणकावर त्यांना त्या विमानाच्या खुर्चीत बसायची इच्छा झाली, तर जरूर बसावं. फक्त हेडसेट नको, मोठा पडदा घ्यावा. या वयात चक्कर येऊन पडणं म्हणजे खुब्याचं हाड. खुर्ची हातांची हवी. आणि मिगच्या चाकांचा ब्रेक पेडलवर नाही, दांड्यावरच्या तरफेला आहे, हे नातवाला आधी सांगून ठेवावं. तो पायाने शोधत बसेल आणि तोवर धावपट्टी संपलेली असेल.