परमुलखातला मास्तर

यंदा आमच्या घरच्या चकल्या दसऱ्याच्या आधीच तळून झाल्या. शेजारच्या काकूंनी भुवया उंचावल्या, पण इलाज नव्हता. चकल्यांना कोरियापर्यंत जायचे होते! सौ.ने डबा भरला आणि मी त्यात शेंगाचटणीची पुडी हळूच सरकवली. सोलापूरचे माणूस जगाच्या पाठीवर कुठेही गेले तरी शेंगाचटणीवाचून त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

डबा निघाला आमच्या भाचीकडे. ती दक्षिण कोरियातल्या एका शाळेत इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका आहे. "इंग्रजी शिकवायला सोलापूरची मुलगी?" असे तुम्ही विचाराल. मीही विचारले होते. पूर्वी हे काम अमेरिका, इंग्लंड अशा मोजक्या इंग्रजीभाषी देशांच्या माणसांनाच मिळे. २०१० साली भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापार-करार अमलात आला, आणि पदवी व शिक्षकी पात्रता असलेल्या आपल्याकडच्या मंडळींसाठीही दार किलकिले झाले. त्या फटीतून आमची पोर आत शिरली.

दर रविवारी तिचा फोन येतो. तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, इकडे साडेपाचचा चहा उकळत असतो. शाळेच्या दारातच जोडे काढून सपाता घालायच्या, मोठ्यांना काही द्यायचे-घ्यायचे ते दोन्ही हातांनी, जेवण मुलांच्या बरोबर. भात पाहून तिला माहेरी आल्यासारखे वाटले, पण भाताशेजारचे कोबीचे आंबवलेले तिखट लोणचे पचवायला महिना लागला. इंग्रजीचा तर त्या देशाला केवढा ध्यास! नोव्हेंबरात विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा असते. तिच्यात इंग्रजी ऐकून उत्तरे लिहिण्याचा भाग चालू असतो, तेवढा वेळ आवाजाचा त्रास नको म्हणून विमानांचे चढणे-उतरणे थांबवतात. आपल्याकडे परीक्षेच्या दिवसांत निदान लग्नाचा बँड तरी कुणी थांबवील काय?

गमतीही होतात. त्यांच्या भाषेत इंग्रजीतला 'फ' नाही, त्यामुळे कॉफीची 'कॉपी' होते. परीक्षेच्या दिवशी एका वयस्क गुरुजींनी तिला हलकेच विचारले, "कॉपी?" मास्तराची भाची ती, दचकलीच!

पण एक गोष्ट गमतीची नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिने वह्या तपासल्या आणि प्रत्येक वहीवर मुलाचे नाव लाल शाईने झोकदार अक्षरांत लिहिले. वह्या परत केल्या तशी वर्गात शांतता पसरली. एका चिमुरडीच्या डोळ्यांत पाणी आले. त्या देशात जित्या माणसाचे नाव लाल शाईने लिहीत नाहीत. ते मरणाशी जोडलेले आहे, अभद्र आहे. बिचारीने त्या रात्री जागून सगळ्या वह्यांना नवी वेष्टने घातली, निळ्या शाईने नावे लिहिली आणि सकाळी एकेक वही दोन्ही हातांनी परत दिली.

त्या दिवसापासून बाईसाहेब स्वतः विद्यार्थिनी झाल्या. त्यांची लिपी १४४६ साली सेजोंग नावाच्या राजाने जाहीर केली. लिपीच्या नावाने तिथे दर ९ ऑक्टोबरला सुट्टी असते. जेवणाच्या सुट्टीत तिची मुलेच तिला ती अक्षरे गिरवायला देतात, आणि चुकली की खो खो हसतात. "मामा, मी त्यांना तासभर शिकवते, ती मला दिवसभर शिकवतात," ती म्हणते.

हे मला नवे नव्हते. जाण्यापूर्वी मी तिला मुद्दाम भैय्या चौकात नेले होते. तिथले डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे घर आता त्यांचे स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला. शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे डॉक्टर कोटणीस घरोघर पोचले, पण मास्तर कोटणीस फारसे कुणाच्या ध्यानात नाहीत. उत्तर चीनच्या डोंगरांत जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ते तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवूही लागले, आणि शिकवले ते चिनी भाषेत! त्याआधी त्यांनी ती भाषा चिकाटीने शिकून घेतली. त्याच शाळेत शुश्रूषा शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ साली विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांचे शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले.

भाचीला हे सांगताना माझा आवाज जरा चढला होता. उपदेश करताना मास्तरांचा चढतोच. पण वाचकहो, तेव्हा तिला एक गोष्ट मी सांगितली नव्हती.

मी मूळचा वाईचा. १९७९ साली इंग्रजीचा मास्तर म्हणून सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत लागलो. पोरे पद्मशाली विणकरांची. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, आणि घरात तेलुगू. म्हणजे समुद्र न ओलांडता मीही परमुलखातच आलो होतो. पण मला वाटे, मी कशाला त्यांची भाषा शिकू? मास्तर मी आहे!

दुसऱ्या वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा फळ्यावरचे काही उतरवून घेईना. दोनदा बजावले, तिसऱ्यांदा कान पिळला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. मुलाच्या तोंडावरून हात फिरवीत पुन्हा पुन्हा म्हणू लागली, "कनपडतलेदु, सार, कनपडतलेदु." मी त्यातला 'कान' तेवढा ऐकला. कान पिळल्याची तक्रार घेऊन आली, असे समजून मी तिला शिस्तीवर चांगले दहा मिनिटे व्याख्यान दिले. ती माउली मान खाली घालून निघून गेली. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

चार महिन्यांनी बोलता बोलता शाळेच्या शिपायाने सांगितले, "सर, कनपडतलेदु म्हणजे दिसत नाही. त्याला फळा दिसत नव्हता."

"अरे, मग त्याच दिवशी का नाही बोललास?"

"तुम्ही रागात होता, सर."

मी त्याच संध्याकाळी पत्ता काढीत गेलो. पोरगा एका कारखान्यात कांड्या भरत होता. सूत डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. मला ओळखून त्याने हातातले काम ठेवले आणि उभा राहिला. मी चष्म्याचे पैसे देऊ केले. त्याच्या बापाने हात जोडून ते परत केले.

पुढे निवृत्तीपर्यंत माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला शेवटच्या बाकावर बसवून फळा वाचायला लावण्याचा रिवाज होता. तेलुगूही शिकलो, कामापुरती. पण एका मुलाच्या कामाला ती आली नाही, ती नाहीच.

गेल्या रविवारी हे सारे भाचीला फोनवर सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. शेवटी मीच विचारले, "अगं, तिकडच्या भाषेत 'दिसत नाही' याला काय म्हणतात, ते ठाऊक आहे का तुला?"

"आन बोयेयो," ती लगेच म्हणाली. "मामा, ते मी पहिल्याच महिन्यात शिकले. मागच्या बाकावरचा एक मुलगा सारखा म्हणायचा. आता तो पुढे बसतो."

चहा केव्हाच निवला होता. सौ.ने तो पुन्हा गरम करून आणला.