परसाची वई जिवंत हवी

शहापूर व मुरबाड तालुक्यांत भाताची कापणी उरकली की गुरे मोकळी सोडण्याची रीत आहे. त्याच सुमारास परसात वाल, वांगी, मिरची व पालेभाज्या लावल्या जातात. त्यांच्या रक्षणासाठी रानातून करवंदी-बोरीच्या काट्या तोडून आणावयाच्या आणि वई घालावयाची, हे काम दरसाल चालते. पुढच्या पावसात ही वई कुजते, काही वाळवी खाते, उरलेली चुलीत जाते. एका हंगामासाठी इतके श्रम व इतके रान खर्ची घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. वई हे दरसालचे ओझे न मानता एकदा लावून जोपासावयाचे पीक मानणे अधिक हिताचे आहे.

वईचे काम केवळ गुरे अडविण्याचे नाही. फटीतून शिरलेले कुत्रे वाफे उकरते, कोंबडीची पिले पळविते. अंडी विकून मीठमिरचीचा खर्च भागविणाऱ्या गृहिणीला ते नुकसान थोडे नसते. शिवाय पुष्कळ घरांची न्हाणी परसातच असते. आडोसा नसल्यास स्त्रियांना अंधारातच अंघोळ उरकावी लागते. ही बाब क्षुल्लक मानता येणार नाही. विटांच्या भिंतीला पैसा लागतो; जिवंत वईला मुख्यतः मेहनत आणि दोन-तीन पावसाळ्यांचा धीर लागतो.

जिवंत वई म्हटली की बहुधा गिरिपुष्पाची एक ओळ लावण्यात येते. गिरिपुष्प उपयुक्त आहे, यात शंका नाही. त्याचा नत्रयुक्त पाला भातखाचरात गाडण्यास उत्तम असून चारसूत्री भातलागवडीतील एक सूत्र त्याच पाल्याचे आहे. परंतु हे झाड वर वाढते व बुडाशी उघडे पडते. कुत्र्याला तर बुडाचीच वाट पुरते. त्यातच उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची पाने गळतात आणि आडोसाही जातो. म्हणून एका ओळीवर विसंबणे योग्य नव्हे.

बाहेरच्या अंगास करवंदीची दाट ओळ आणि आत हातभर अंतरावर गिरिपुष्प, अशी जोडवई करावी. करवंदीचे बी साठवणीत लवकर निकामी होते. म्हणून पिकल्या फळांतून काढलेले ताजे बीच लगोलग पेरावे. गिरिपुष्पाच्या जून फांद्यांची सुमारे दीड मीटर लांबीची खुंटे जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर पुरावीत. न्हाणीच्या बाजूस मात्र अडुळशाच्या काड्या लावाव्यात. अडुळसा बारमाही हिरवा राहतो व शेळ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. करवंदीचे शेंडे लहानपणीच खुडावेत, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतात. झाडे दाटेपर्यंत बुडाशी वाळक्या काट्या टाकाव्या लागतील; पण ते काम पुढे संपणारे आहे.

शेर व निवडुंग यांची वई लवकर होते, हे खरे. मात्र त्यांचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो आणि मोगली एरंडाचे बी विषारी असते. मुले जेथे खेळतात तेथे ही झाडे टाळलेलीच बरी.

जिवंत वई जागा अडविते, असा एक आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. दोन ओळींना हात-दीड हात जमीन द्यावीच लागते. परंतु ती जमीन पाला, करवंदे व सरपण देऊन आपला मोबदला चुकविते. वई स्वतःच्या हद्दीत थोडी आत घेऊन लावल्यास शेजाऱ्याशी बांधाचा तंटाही उद्भवत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी परसबागेसाठी बियाणे वाटण्यापूर्वी वईचा विचार करावा. उघड्या परसात पेरलेले बी बहुधा दुसऱ्याच्या गुरांसाठीच उगवते. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात जोडवईचा एक नमुना उभा राहिला, तर शेकडो सूचनांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल. कारण शेतकरी ऐकतो त्याहून पाहिलेले लवकर स्वीकारतो.