खेळातून 'सूट' हा उपचार नव्हे

शाळा सुरू झाल्या की आमच्यासारख्या गावातल्या डॉक्टरांकडे एक ठरावीक मागणी येऊ लागते. "डॉक्टरसाहेब, पोराला पीटीच्या तासातून सूट मिळावी, असा एक दाखला द्या." मागणी करणारे आईवडील काळजीपोटीच आलेले असतात. कुणाच्या मुलाच्या पायात जन्मापासून दोष असतो, कुणाच्या मुलीला फिट्स येतात, कुणाला कमी दिसते वा कमी ऐकू येते, तर कुणाच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानाने संथ असते. शाळेनेही बहुधा सुचविलेले असते की, दाखला आणा, म्हणजे आमच्यावर जबाबदारी नको. दाखला मिळतो, फायलीला लागतो आणि ते मूल पुढची कितीतरी वर्षे खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला इतरांची दप्तरे राखत बसते.

माझे मत स्पष्ट आहे. असा सरसकट सुटीचा दाखला मी देत नाही. थोडे अपवाद सोडले तर तो मुलावर अन्याय आहे आणि वैद्यकीय दृष्टीनेही तो चुकीचा आहे. ज्या मुलांना हालचालीची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच आपण हालचालीपासून दूर ठेवतो.

बसून राहण्याचे दुष्परिणाम

सेरेब्रल पाल्सीचे उदाहरण घेऊ. वाढत्या मेंदूला, बहुधा जन्माआधी किंवा जन्माच्या सुमारास, इजा झाल्यामुळे या मुलांचे स्नायू ताठर राहतात. वय वाढते तशी हाडे लांब होतात, पण ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. मग टाच उचलली जाते, गुडघा वाकतो, चालणे कष्टाचे होते. माझ्या पाहण्यातला एक मुलगा चौथीत असताना चवड्यांवर का होईना, पण आपल्या पायांनी शाळेत जात असे. आठवीत आला तेव्हा त्याचे वजन भरमसाट वाढलेले, पाय आखडलेले आणि फाटकापर्यंत चालतानाही धाप लागलेली. मधल्या काळात खेळाचा एकही तास त्याच्या वाट्याला आला नव्हता. मेंदूतली ती मूळची इजा वाढत नसते. वाढले होते ते त्याचे बसणे. पूर्वी असा समज होता की ताकदीचे व्यायाम केले तर ताठरपणा वाढतो. तो समज आता मागे पडला आहे.

डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे स्नायू उलट सैल असतात. त्यांच्यात थायरॉईडचा दोषही जास्त आढळतो, त्यामुळे वजन झपाट्याने वाढते. चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्या मुलाच्या पायांच्या हाडांवर भार पडत नाही, म्हणून ती ठिसूळ होतात. अंध मुलाला मोकळ्या जागेत धावण्याची सवयच लागू दिली नाही, तर ते पुढे पाऊल टाकायलाही बिचकते. याशिवाय बद्धकोष्ठ, झोप न लागणे, चिडचिड या तक्रारी आहेतच. आणि वर्गात शेजारी बसून जी मैत्री होत नाही, ती मैदानावर पंधरा मिनिटांत होते, हे कोणताही शिक्षक सांगेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे घाम येईल अशी हालचाल करावी, असे त्यात सांगितले आहे. दिव्यांग मुलांसाठीही हाच साठ मिनिटांचा आकडा दिला आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या सोळाव्या कलमानुसार शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, आणि शिक्षणाबरोबरच खेळ व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. म्हणजे मैदानावर घेणे हा उपकार नसून मुलाचा हक्क आहे.

गल्लीतले क्रिकेट आठवा

"पण डॉक्टर, लंगडणारा मुलगा खो-खो कसा खेळणार?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याला माझे उत्तर असे की, आपल्या गल्लीतले क्रिकेट आठवा. चेंडू भिंतीपलीकडे गेला तर आउट. एक टप्पा घेऊन एका हाताने झेलला तरी आउट. स्टंप नसतील तर विटांचा ढीग. हे नियम कुणी केले? जागा अपुरी, साहित्य अपुरे म्हणून मुलांनीच केले, आणि तरीही तो खेळ क्रिकेटच राहिला. जागेसाठी नियम बदलता येतात, तर मित्रासाठी का बदलू नयेत?

बदल करण्याच्या चार जागा आहेत: मैदान, कृती, साहित्य आणि सोबती. मैदान म्हणजे अंतर कमी करावे, रेषा ठळक आखावी. कृती म्हणजे धावण्याऐवजी चालणे, उभे राहून फेकण्याऐवजी बसून फेकणे. साहित्य म्हणजे मोठा, मऊ, भडक रंगाचा किंवा आत घुंगरू घातलेला चेंडू. सोबती म्हणजे जोडीदार.

लगोरीत एकाला दोन पावले पुढून नेम धरू द्या. अंध मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने रुमालाची दोन टोके धरून शर्यत पळावी. पॅरालिम्पिकमध्येही अंध धावपटू असेच जोडीदाराबरोबर पळतात. कर्णबधिर मुलासाठी शिट्टीबरोबर हातरुमाल हलवा. स्वमग्न मुलाला अचानक वाजलेली शिट्टी सहन होत नसेल, तर आज कोणते खेळ कोणत्या क्रमाने होणार हे त्याला आधी सांगून ठेवा. बुद्धीने संथ असलेल्या मुलाला एका वेळी एकच सूचना द्या आणि ती बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवा. आपले लेझीम तर यासाठी फारच उत्तम. ठेका ऐकूनही धरता येतो, पाहूनही धरता येतो, आणि खुर्चीवर बसूनही लेझीम वाजतेच.

मात्र एक सावधगिरी हवी. लहान भावंडाला आपण 'कच्चे लिंबू' म्हणून खेळात घेतो. ते धावते, हसते, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते आउटही होत नाही. दिव्यांग मुलाला असे कायमचे कच्चे लिंबू करू नये. नियम असा बदला की ते खरोखर खेळेल, त्याच्यावर राज्य येईल, ते हरेल आणि जिंकेलही. हरण्याचा हक्क मिळाला की ते मूल खऱ्या अर्थाने खेळात आले असे समजावे.

कोणी काय जपावे?

सरसकट सूट चुकीची, तसा सरसकट व्यायामही चुकीचाच. काही गोष्टी शिक्षकांनी आणि पालकांनी कागदावर लिहून ठेवाव्यात.

फिट्स येणाऱ्या मुलाने मल्लखांब, दोरावर चढणे आणि देखरेखीशिवाय पोहणे टाळावे. बाकीचे बहुतेक खेळ त्याला चालतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांटउडी आणि शीर्षासन नको. या मुलांत हृदयाचे जन्मजात दोषही बरेच आढळतात, तेव्हा तीही तपासणी झालेली असावी. चालण्यात अचानक फरक पडला, मान दुखू लागली वा लघवीवरचा ताबा गेला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या मुलांना खेळताना मधूनमधून पाणी आणि विश्रांती मिळालीच पाहिजे. उन्हात मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा कोणत्याच मुलाला देऊ नये, पण या मुलांच्या बाबतीत ती जिवावरही बेतू शकते. हिमोफिलिया असेल तर कबड्डी, कुस्ती नको. चालणे आणि पोहणे डॉक्टरांच्या सल्ल्याने चांगले. दमेकऱ्याला डॉक्टरांनी खेळाआधी पंप घ्यायला सांगितला असेल, तर तो दप्तरात नव्हे, मैदानावर हाताशी असावा. स्नायू झिजत जाणाऱ्या आजारात दमेपर्यंत उठाबशा आणि उड्या मारायला लावू नयेत. हृदयविकार असेल तर तज्ज्ञाने सांगितलेली मर्यादा पाळावी.

अडचणी खऱ्या आहेत, पण...

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. एका तासाला साठ मुले, मैदान अर्धे, पीटीचे सर एकटे, आणि त्यांच्यावर तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ तयार करण्याचा ताण. पण एक चेंडू बदलायला किंवा एक जोडीदार नेमायला अनुदान लागत नाही. जोडीदार दर आठवड्याला बदलावा, म्हणजे एकावरच ओझे पडत नाही आणि सगळ्या वर्गाला त्या मुलाची ओळख होते. समग्र शिक्षा अभियानातून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. त्यांना केवळ वाचन-लेखनाबद्दल न विचारता मैदानाबद्दलही विचारावे.

पालकांना भीती असते ती चेष्टेची. ती भीती खोटी नाही. परंतु कडेला बसवलेल्या मुलाची चेष्टा थांबते असे मला कधी दिसलेले नाही. ज्याच्याबरोबर रोज खेळायचे, त्याला चिडवणे हळूहळू कमी होते.

या संदर्भात सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे नाव घ्यावेसे वाटते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरला, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्याने भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. प्रत्येक मुलाने पदक आणावे असे मी म्हणत नाही. बहुतेक धडधाकट मुलेही कधी पदक आणत नाहीत, म्हणून त्यांना कुणी मैदानाबाहेर बसवत नाही. एवढाच न्याय बाकीच्यांनाही मिळावा.

दाखला हवाच, पण वेगळा

माझी पालकांना विनंती आहे की, डॉक्टरांकडे सुटीचा दाखला मागू नका, खेळाची चिठ्ठी मागा. त्या चिठ्ठीत तीन गोष्टी असाव्यात: मूल काय करू शकते, काय टाळावे, आणि त्रास झाला तर काय करावे. ती पीटीच्या शिक्षकांच्या हाती द्यावी आणि दरवर्षी नवी करून घ्यावी, कारण मूल वाढते तशी त्याची ताकद आणि अडचणी दोन्ही बदलतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते, तेव्हाही हा विषय काढावा. जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढील तपासणीसाठी जाता येते.

मुख्याध्यापकांना मी एवढेच सुचवीन की, या आठवड्यात खेळाच्या तासाला एकदा मैदानावर फेरी मारा आणि कडेला बसलेल्या मुलांची नावे लिहून घ्या. मग प्रत्येक नावापुढे कारण लिहा. ताप, दुखापत अशी चार दिवसांची कारणे सोडून द्या. उरलेल्या प्रत्येक नावासाठी वर्गशिक्षक, पीटीचे शिक्षक आणि आईवडील यांनी अर्धा तास एकत्र बसावे आणि पुढच्या सोमवारपासून ते मूल काय खेळणार, हे ठरवूनच उठावे.